स्टेपनी आणि वारस



तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावलं की विषय साधारण ठरलेलाच असतो. गीता, ज्ञानेश्वरी, नाहीतर 'आजच्या युगातील नैतिकता'. नेवासं आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे ज्ञानेश्वरीवर तर दरवर्षी कुणी ना कुणी बोलतंच. यंदा आम्ही संयोजकांना म्हटलं, आम्हांला खेळावर बोलू द्या. ते जरा दचकले. मग म्हणाले, 'चालेल सर, शेवटी अध्यात्माकडे वळवा म्हणजे झालं.' तसं काही आम्ही वळवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा विषय डोक्यात आला तो आमच्या नातवामुळे. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शिकतो. सुट्टीत आला होता, तेव्हा रोज पहाटे मोबाइलवर त्यांचा तो फुटबॉल बघत बसायचा. पायानं क्वचितच खेळायचा फुटबॉल. आम्ही शेजारी चहा घेऊन बसायचो. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. दहा यार्ड पुढं सरकायला संघाला चार प्रयत्न मिळतात, आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी याच्या हातात येतो. फेकायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे दोन-तीन सेकंदांत त्यानं ठरवायचं, आणि समोरून क्विंटलाच्या वर वजनाची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. अकरा जणांच्या संघाचं सगळं गणित त्या एकावर. म्हणून तिकडे वर्षाचे बारा महिने एकच चर्चा चालते: आजचा क्वार्टरबॅक कोण, तो पडला तर कोण, आणि पाच वर्षांनी कोण.

नातवाचा संघ ग्रीन बे पॅकर्स. गाव लहान, लाखभर वस्तीचं. संघाला कुणी शेठ मालक नाही, गावातल्या-बाहेरच्या भागधारकांच्या मालकीचा आहे तो. भागधारकाला लाभांश मिळत नाही, नुसता अभिमान मिळतो. आम्ही म्हटलं, हा तर आपल्या प्रवरेसारखा सहकारी कारखानाच झाला की! (हशा) कारखान्यांत अध्यक्षपदाचा वारस कसा ठरतो ते तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तो विषय आज नको. या ग्रीन बेनं काय केलं ते ऐका. 2005 साली ब्रेट फार्व नावाचा त्यांचा क्वार्टरबॅक अजून खेळत होता, नावारूपाला आलेला होता, गावाचा दैवत होता. त्या वर्षी त्यांनी नव्या मुलांच्या निवडीत पहिल्याच फेरीत ॲरन रॉजर्सला घेतलं. लोक चिडले. आजचा संघ बळकट करायचा सोडून हे काय? रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, शिकला. 2008 साली जागेवर आला आणि 2011 च्या फेब्रुवारीत त्यानं सुपर बोल जिंकून दिला. पुढं 2020 मध्ये त्याच रॉजर्सच्या डोक्यावर त्यांनी जॉर्डन लव्ह आणून बसवला. या वेळी रॉजर्स चिडला. लव्हही तीन वर्षं बसला आणि 2023 मध्ये उभा राहिला. फार्व काय किंवा रॉजर्स काय, निरोप गोड झाला नाही कुणाचाच. दोघंही दुसऱ्या संघात गेले. गावानं ती किंमत मोजली.

आता तुम्ही म्हणाल, सर, यात आपलं काय? आपलं असं की क्रिकेटमध्ये क्वार्टरबॅकचं काम दोघांत वाटलेलं असतं. एक मुख्य गोलंदाज, ज्याच्या हाती नवा चेंडू दिल्यावर डाव सुरू होतो. दुसरा कर्णधार, जो ठरवतो. आणि गंमत अशी, की या दोन्ही जागांवर 'हा नसेल तर काय' हा प्रश्न भारताला अगदी उघडा पडून सोसावा लागला, त्या दोन्ही वेळी मध्यभागी आपल्या जिल्ह्याचा माणूस होता. एक श्रीरामपूरचा झहीर खान. दुसरा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. एकाच्या नसण्यानं प्रश्न निर्माण झाला, आणि दुसरा दुसऱ्या कुणाच्या तरी नसण्यातून पुढं आला.

झहीरपासून सुरुवात करू. जन्म 1978 चा. सतरा-अठराव्या वर्षी मुंबईला गेला, चेन्नईच्या एमआरएफ फाउंडेशनमध्ये घडला, आधी बडोद्याकडून खेळला. 2000 साली भारताच्या संघात आला. मधे संघाबाहेर गेला, 2006 साली इंग्लंडात वुस्टरशायरकडून खेळला आणि वेगळाच गोलंदाज होऊन परतला. 2007 साली ट्रेंट ब्रिजला नऊ बळी घेऊन त्यानं कसोटी जिंकून दिली, तीच मालिकेतली एकमेव निकाली कसोटी. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी. एकूण 92 कसोटी, 311 बळी. हे सगळं तुम्हांला पाठ असेल. श्रीरामपुरात तर लहान पोरालाही पाठ असेल.

आम्हांला सांगायचंय ते 21 जुलै 2011 चं. लॉर्ड्स. विश्वचषक जिंकून चार महिनेही झाले नव्हते, कसोटीत भारत पहिल्या क्रमांकावर. झहीरनं दोन्ही सलामीवीर काढले, कुक आणि स्ट्रॉस. आणि चौदाव्या षटकाच्या मध्यात मांडीचा मागचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला. त्या मालिकेत पुन्हा त्यानं चेंडू टाकला नाही. पीटरसननं द्विशतक केलं, भारत ती कसोटी हरला, मग पुढच्या तिन्ही हरला. चार-शून्य. शेवटच्या दोन तर डावानं. ओव्हलच्या चौथ्या कसोटीत आर. पी. सिंगला बोलावलं. तो तीन वर्षांहून अधिक काळ कसोटी खेळलेला नव्हता.

तेव्हा सगळे म्हणाले, दुर्दैव. आम्हीही म्हणालो. पण नंतर विचार केला, तर दुखापत अचानक झाली, तिच्याविषयीचं अज्ञान मात्र अचानक नव्हतं. सातच महिन्यांपूर्वी, 2010 च्या डिसेंबरात, दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला झहीर दुखापतीमुळे खेळला नव्हता. भारत डावानं हरला. पुढच्या कसोटीत दरबानला तो परत आला, भारत 87 धावांनी जिंकला. याहून स्वच्छ सूचना कुणाला कशी मिळणार? आणि सेंच्युरियनला त्याच्या जागी कोण खेळलं? जयदेव उनाडकट. एकोणीस वर्षांचा डावखुरा पोरगा. एकही बळी मिळाला नाही. त्याची दुसरी कसोटी कधी आली माहितेय? डिसेंबर 2022, मीरपूर. बारा वर्षांनी! आता त्या मुलात तेवढी धार नव्हती असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं असेलच असं नाही. पण एका कसोटीत ते कुणाला कळलं?

इथं थोडा आमच्या धंद्यातला शब्द वापरतो. न्यायशास्त्रात अभावाची चर्चा फार बारकाईनं केलेली आहे. 'नाही' म्हणजे नुसतं नाही, असं ते म्हणत नाहीत. विचारतात, कोणत्या प्रकारचं नाही? मडकं घडण्याआधी मडकं नसतं, तो प्रागभाव. फुटल्यावर नसतं, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग नसतो, कधीच नव्हता, कधीच असणार नाही, तो अत्यंताभाव. प्रागभावाला सुरुवात नसते पण शेवट असतो, कारण मडकं घडलं की तो संपतो. प्रध्वंसाभावाला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलं ते फुटलं. एक चौथाही प्रकार आहे, अन्योन्याभाव, म्हणजे मडकं हे कापड नाही. त्यात आज शिरत नाही.

आपले निवड करणारे लोक काय करतात? प्रागभावाला अत्यंताभाव समजतात. 'झहीरच्या जागी कोणी नाहीच हो' असं म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, वाऱ्याला रंग नाही. खरं असतं ते एवढंच, की मडकं अजून घडलेलं नाही. आणि नैयायिकांचा यातला सगळ्यात उपयोगी मुद्दा असा की प्रागभाव कुठंतरी अधांतरी लोंबकळत नसतो, ज्यातून वस्तू घडायची त्या उपादानात तो राहतो. मडक्याचा प्रागभाव मातीत. धाग्यात नाही. म्हणजे 'अजून नाही' असं म्हणणाऱ्यानं माती कुठली ते दाखवलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर तो 'अजून नाही' हे शब्द नुसते टाळाटाळीसाठी वापरतोय.

दुसरी गोष्ट प्रतियोगीची. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. अभाव कशाचा हे आधी नीट सांगा. झहीर गेल्यावर आपण 'दुसरा झहीर' शोधत बसलो. डावखुरा हवा, तसाच चेंडू आत आणणारा हवा. नसलेली गोष्ट मात्र वेगळी होती. दिवसाचं ऐंशीवं षटक आलं तरी विचार करून गोलंदाजी करणारा माणूस नव्हता. 2014 च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला मॅक्युलमनं त्रिशतक केलं, त्या डावात पस्तीस वर्षांच्या झहीरनं 51 षटकं टाकली. ती त्याची शेवटची कसोटी. पस्तिशीच्या वेगवान गोलंदाजानं एका डावात एक्कावन्न षटकं! त्याचं कौतुक करावं की त्याच्याकडून ती टाकून घेणाऱ्यांची कीव करावी, आम्हांला अजून ठरवता आलेलं नाही.

हे बोलताना आम्हांला थोडी लाज वाटते, ती का तेही सांगतो. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवलं तिथं न्यायदर्शनाची अभ्यासपत्रिका एकवीस वर्षं आम्हीच शिकवली. विभागात दोन तरुण प्राध्यापक होते, हुशार होते. त्यांनी एकदा-दोनदा मागितलीही. आम्ही म्हटलं, 'अजून तयारी हवी.' पत्रिका दिली नाही, म्हणून तयारी झाली नाही, आणि तयारी नाही म्हणून पत्रिका दिली नाही. आम्ही निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी ती पत्रिका बंद झाली. शिकवणारा नाही म्हणून. निरोप समारंभात सगळे म्हणत होते, सरांची जागा कोणी घेऊ शकत नाही. आम्ही शाल घेऊन खूश होऊन बसलो होतो.

असो. आता रहाणे.

19 डिसेंबर 2020, ॲडलेड. भारत सर्वबाद 36. पहिल्या डावात कोहली 74 वर असताना रहाणेच्या चुकीच्या हाकेनं धावबाद झाला होता, ते वेगळंच. कोहली ठरल्याप्रमाणे घरी परतला, त्याच्याकडे बाळ यायचं होतं. शमीचा हात मोडलेला. मेलबर्नला रहाणे कर्णधार. त्यानं 112 केल्या, जडेजाबरोबरच्या गोंधळात धावबाद झाला आणि जाता जाता जडेजाच्या पाठीवर थोपटून गेला. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. अकराच दिवसांपूर्वी स्वतः दुसऱ्याला धावबाद करून बसलेला माणूस तो. भारत आठ गड्यांनी जिंकला. सिडनीला विहारी आणि अश्विननं जखमी अंगानं चाळीसहून अधिक षटकं खेळून सामना वाचवला. आणि ब्रिस्बेनला पोचेपर्यंत शमी, उमेश, बुमरा, अश्विन, जडेजा, सगळे संपलेले. गोलंदाजी कुणाची? सिराज, सैनी, शार्दूल ठाकूर, नटराजन, वॉशिंग्टन सुंदर. पाचही जणांच्या आधीच्या कसोटींची बेरीज चार. नटराजन आणि सुंदर तर सरावात चेंडू टाकायला म्हणून मागे ठेवलेले. गॅबावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर हरलेला नव्हता. 19 जानेवारीला आपण 328 धावांचा पाठलाग करून जिंकलो.

त्यावर इतकं लिहून झालंय की आम्ही भर घालत नाही. प्रश्न एवढाच, 2011 ला एक माणूस गेला तर घर कोसळलं आणि 2021 ला सगळेच गेले तरी उभं राहिलं, हे कसं? जिद्द वगैरे शब्द बाजूला ठेवा. जिद्द 2011 लाही होती, द्रविडनं त्या मालिकेत तीन शतकं केली. फरक मातीत होता. मधल्या दहा वर्षांत भारत 'अ' संघाचे परदेश दौरे नीट होऊ लागले, आयपीएलमध्ये पोरं मोठ्या गर्दीसमोर चेंडू टाकायला शिकली. सिराज, सैनी हे अचानक उगवलेले नव्हते. 'अ' संघाकडून खेळून आलेले होते. कुणीतरी त्यांना आधी काम दिलं होतं.

कर्णधाराच्या बाबतीत मात्र तसं काही नव्हतं, आणि इथं आमची खरी तक्रार आहे. रहाणेनं सहा कसोटींत नेतृत्व केलं. चार जिंकल्या, दोन अनिर्णित, एकही हरली नाही. या सहाही वेळा तो बदली होता. धर्मशाळेत कोहलीचा खांदा दुखावलेला, अफगाणिस्तानाविरुद्ध कोहली नाही, ऑस्ट्रेलियात कोहली सुट्टीवर, कानपूरला कोहली विश्रांतीवर. मालक आला की हा मागे. गाडीतली स्टेपनी जशी. पंक्चर झालं की काढायची, चाक दुरुस्त झालं की परत डिकीत. स्टेपनीवर गाडी किती चालली याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता न्यायानं दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मेलबर्ननंतर रहाणेची फलंदाजी खरोखर ढेपाळली. 2021 च्या पूर्ण वर्षाची त्याची सरासरी विशीच्या आसपास होती. फलंदाज म्हणून जागा टिकत नसेल तर कर्णधार कशाच्या जोरावर करणार? हा आक्षेप खरा आहे. आमच्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. जिल्ह्याच्या प्रेमापोटी तो झाकायचा नाही. कोहलीच्या जागी रहाणेलाच नेमायला हवं होतं, असा आमचा दावाच नाही. आमचं म्हणणं असं की कुणाला नेमायचं याचा विचारच झालेला नव्हता, आणि तो झालेला नव्हता हे पुढच्या वर्षानं दाखवून दिलं. डिसेंबर 2021 मध्ये रहाणेचं उपकर्णधारपद काढलं. जानेवारी 2022 मध्ये कोहलीनं कसोटीचं नेतृत्व सोडलं. त्या एका वर्षात भारताच्या कसोटी संघाला चार कर्णधार झाले: कोहली, राहुल, रोहित, बुमरा. मग रहाणेला दीड वर्ष बाहेर ठेवून 2023 च्या जूनमध्ये ओव्हलच्या अंतिम सामन्यासाठी परत बोलावलं. त्यानं 89 आणि 46 केल्या. लगेच वेस्ट इंडिजला उपकर्णधार! दोन कसोटी झाल्या आणि पुन्हा बाहेर. ही योजना म्हणायची? ही डिकी उघडून बघणं झालं.

आपल्या जिल्ह्याला असल्या गोष्टी नव्या नाहीत. निजामशाही शेवटच्या काळात पंचवीस वर्षं मलिक अंबर नावाच्या एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. 1626 ला तो गेला, 1636 ला निजामशाही संपली. शहाजीराजांनी शेवटी टेकू द्यायचा प्रयत्न केला, तो पुरला नाही. आणि आज जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे त्या चौंडीच्या अहिल्याबाई? मल्हाररावांनी हयातीतच फौजेच्या रसदीची, वसुलीची, दप्तराची कामं सुनेवर सोपवली होती. 1754 ला कुंभेरीवर खंडेराव गेले, 1766 ला मल्हारराव, वर्षभरात मालेराव. तीन माणसं गेली आणि कारभार थांबला नाही, 1795 पर्यंत चालला. मल्हाररावांनी काही भविष्य पाहिलं नव्हतं. त्यांनी कामं दिली होती, एवढंच.

2025 च्या मे महिन्यात रोहित आणि कोहली पाच दिवसांच्या अंतरानं कसोटीतून निवृत्त झाले आणि पंचविशीतल्या शुभमन गिलला कर्णधार केलं. बुमराला केलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत सिडनीला तो कर्णधार असतानाच पाठ धरून बाहेर गेला होता, मालिकेत 32 बळी घेऊन. लॉर्ड्सचा झहीर आठवला आम्हांला. पण या वेळी कुणीतरी शहाणपणा केला. इंग्लंडच्या पाच कसोटींपैकी बुमरा तीनच खेळणार, असं आधीच जाहीर केलं. लोकांनी आरडाओरडा केला. मालिका दोन-दोन सुटली, आणि भारतानं ज्या दोन जिंकल्या, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्या दोन्हींत बुमरा नव्हता. एजबॅस्टनला आकाश दीपनं दहा बळी घेतले. ओव्हलला सिराजनं सहा धावांनी सामना काढून दिला. त्यातला एकही 'दुसरा बुमरा' नाही. प्रतियोगी नीट ओळखला की असं होतं.

म्हणून गोलंदाजीच्या बाबतीत आम्ही समाधानी आहोत. नेतृत्वाच्या बाबतीत नाही. नोव्हेंबरात कोलकात्यात गिलची मान आखडली, फलंदाजी सोडून तो इस्पितळात गेला, 124 धावांचा पाठलाग करताना आपण 93 वर संपलो. गुवाहाटीला ऋषभ पंतनं नेतृत्व केलं, आपण 408 धावांनी हरलो. त्याचा सगळा दोष पंतवर टाकणं अन्याय होईल, खेळपट्ट्यांपासून फलंदाजीपर्यंत बरंच बिघडलेलं होतं. पण गिल नसताना काय करायचं हे मैदानावर कुणालाच उमगत नव्हतं, असं आम्हांला पाहताना वाटलं. पंतचं हे आयुष्यातलं पहिलंच कसोटी नेतृत्व, आणि तेही घाईत पुढं केलेलं. पुन्हा डिकी.

मुंबईचं मात्र सांगायला हवं, कारण ते कमी लोकांनी लक्षात घेतलं. रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईनं 2024 च्या मार्चमध्ये विदर्भाला हरवून बेचाळिसावा रणजी करंडक जिंकला. 2025 च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, त्यानं स्वतःहून कर्णधारपद सोडलं. खेळणं सोडलं नाही. नवा कर्णधार घडवायची हीच वेळ आहे, असं म्हणाला. काढलं नव्हतं कुणी, दुखापतही नव्हती. आयुष्यभर बदली म्हणून राहिलेला माणूस, त्याला बदलीला तयारीसाठी किती वेळ लागतो ते ठाऊक असणार. आम्हांला आमची ती पत्रिका आठवली.

त्याच्या जागी मुंबईनं शार्दूल ठाकूरला नेमलं. ब्रिस्बेनला त्या पाच जणांत होता तो. पहिल्या डावात सहा गडी बाद 186 अशी अवस्था असताना यानं आणि सुंदरनं 123 धावा जोडल्या होत्या. पॅट कमिन्सला षटकार मारून त्यानं खातं उघडलं, तेव्हा कर्णधार रहाणे बाद होऊन पॅव्हेलियनमध्ये बसलेला होता. त्या हंगामात शार्दूल क्षेत्ररक्षण लावू लागला, आणि रहाणे सांगितलेल्या जागी जाऊन उभा राहू लागला.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माइक मागच्या रांगेकडे द्या आधी, ती पोरं मघापासून कुजबुजतायत.